वगळलेल्या नावाची हकीकत

मी प्राथमिक शिक्षक होतो आणि नोकरीची शेवटची काही वर्षे आमच्या वसाहतीच्या मतदारयादीचा बीएलओही होतो. बीएलओ म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी. नवे मतदार नोंदवायचे, मयतांची नावे कमी करायची, घर सोडून गेलेल्यांची पडताळणी करायची आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून प्रत्येकाला त्याचा अनुक्रमांक शोधून द्यायचा, असे ते काम. बहुतेक शिक्षकांना ते नकोसे वाटते. मला आवडत असे. एका वसाहतीतली सगळी माणसे वय आणि घर क्रमांकासह एकाखाली एक मांडलेली पाहिली की नीट भरलेल्या हजेरीपटाचे समाधान मिळे.

आमची वसाहत सोलापुरात विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. मी प्लॉट घेतला तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे ज्वारी उभी असे. शेजारच्या प्लॉटवर भवानी पेठेतून आलेले एक गृहस्थ घर बांधत होते. चादरींच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणू लागलो. ते मला सर म्हणत. आम्हां दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि पहिल्या निवडणुकीपासूनच त्या भिंतीवर आमची बैठक बसली.

अण्णांचा एक अभिमान होता. मतदानाचे वय झाल्यापासून त्यांचे एकही मतदान चुकले नव्हते. सुरुवातीची काही पेठेतली, पुढची सगळी इथली. अंगात ताप असताना ते रिक्षातून गेले होते. एका वर्षी तर धाकट्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, हळदीच्या हातांनी. शाईचे बोट आठवडाभर जपून ठेवत.

माझा छंद निराळा होता. आमच्या विधानसभा मतदारसंघाच्या प्रत्येक निवडणुकीची नोंद मी एका जाड वहीत ठेवत असे. उमेदवार, चिन्ह, फेरीनिहाय मते, मागच्या वेळेशी फरक. मतमोजणीच्या दिवशी दूरदर्शन लावून मी आकडे उतरवायचो आणि अण्णा समोर बसून ते आकडे तसे का पडले ते सांगायचे. पहिल्या फेऱ्यांत एखादा उमेदवार पुढे गेला की मी उत्साहाने पेन उचलत असे. अण्णा म्हणत, "थांबा की सर. आता गावाकडच्या पेट्या उघडल्यात. आपली कॉलनी मागनं येती." बहुतेक वेळा तसेच होई, आघाडी फिरे.

या मतदारसंघाचा इतिहास समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते: तो अर्धा शहरात आहे आणि अर्धा शेतात. दक्षिणेकडच्या गावांत घरोघरी कन्नड चालते, विणकरांच्या वसाहतींत तेलुगू, आमच्यासारख्या सोसायट्यांत माढा, करमाळा, बार्शीकडून नोकरीसाठी आलेल्यांची मराठी. एकेकाळी गावे ठरवतील तो आमदार होई. मग ज्वारीच्या रानांत प्लॉट पडत गेले, दर पाच वर्षांनी यादी जाड होत गेली आणि उमेदवार आमच्या फाटकाशी येऊ लागले. एका उमेदवाराने विणकर वसाहतीसाठी तेलुगू भाषण पाठ केले होते. अण्णा मुद्दाम मला घेऊन तिथे गेले आणि भाषण संपताच त्यांनी तेलुगूतून विचारले, "पाणी पाचव्या दिवशी येतं, ते रोज कधी येणार?" उमेदवार हात जोडून म्हणाला, "तप्पकुंडा!" म्हणजे नक्की. अण्णांनी पुन्हा विचारले, "तुमच्या घरी कितव्या दिवशी येतं?" "तप्पकुंडा!" लोक हसून लोटपोट झाले आणि तो बिचारा आपले भाषण रंगले असे समजून आणखी वाकला.

पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. काही पेठा गेल्या, काही गावे आली, सीमा सरकल्या. मी वहीत नवे पान काढले आणि वर लिहिले, 'मागील निकालांशी तुलना करू नये.' अण्णांनी ते वाचले. "नाव तेच ठेवलं आन् माणसं बदलली. हे तर आमच्या कारखान्यावानीच झालं की," ते म्हणाले. कारखाना तेव्हा नुकताच विकला गेला होता.

माझी पत्नी गेली त्या वर्षी अण्णांनी ती भिंत ओलांडून येण्याचा पायंडा पाडला. फाटकातून वळसा घालून येण्याइतकाही धीर त्यांना नसे. सकाळी सातला ते चहा घेऊन माझ्या पायरीवर बसत आणि मी शाळेला निघेपर्यंत उठत नसत. सांत्वनाचे एक वाक्य त्यांनी उच्चारले नाही. कोणत्या गावचा सरपंच कुणाकडे झुकला, एवढेच सांगत.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझ्या सेवेच्या शेवटच्या वर्षी अण्णांच्या पत्नीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची ठरली. थोरली मुलगी हैदराबादला असते, म्हणून दोघे तिकडे गेले. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. तुळशीला पाणी घालायचे, संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावायचा आणि नळ येईल त्या दिवशी टाकी भरून ठेवायची. मी हे सगळे न चुकता केले. दर रविवारी मी फोन करून वहिनींची चौकशी करी. मुक्काम लांबत गेला.

त्याच काळात यादीच्या पडताळणीचा कार्यक्रम आला. नियम असा होता की प्रत्येक घराला भेट द्यायची, घर बंद असल्यास तीनदा जायचे, तरीही कोणी न भेटल्यास दाराला नोटीस लावायची, शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा करायचा आणि नाव स्थलांतरित म्हणून वगळण्याचा प्रस्ताव पाठवायचा. माझ्या यादीची तालुक्याच्या बैठकीत एकदा प्रशंसा झाली होती. ओळखीच्यांची नावे मागे ठेवणाऱ्या बीएलओंना त्याच बैठकीत बोलणीही बसली होती. मी तीन वेगवेगळ्या दिवशी हातात फाइल घेऊन माझ्याच शेजारच्या फाटकाशी गेलो, कडी वाजवली, थांबलो आणि 'घर बंद' असे लिहिले. तिसऱ्या भेटीच्या संध्याकाळी तिथलाच दिवा मी स्वतः लावला. नोटीस डकवली तेव्हा त्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती.

फोन का केला नाही, असे वाचक विचारतील. फोन मी करतच होतो. त्या रविवारीही केला होता. वहिनींना जेवण जाते का, हे विचारले. यादीचा शब्द काढला नाही. ती चौकशी शेजाऱ्याची आणि ही चौकशी अधिकाऱ्याची, दोहोंची सरमिसळ करणे मला अप्रामाणिक वाटले. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर शिकवले की नियम सर्वांना सारखा. तो सर्वांना सारखाच लावावा, पण आधी माणसाला विचारावे, हे मात्र शिकवायचे राहिले. हरकतींसाठीची प्रारूप यादी शाळेच्या व्हरांड्यात मीच लावली. हरकत घेऊ शकणारा माणूस हैदराबादला होता.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आवारात टेबल मांडून बसलो होतो. आठच्या सुमारास अण्णा समोर उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळे तांबारलेले. रात्रभर बसमधून आले होते.

"अण्णा! आला कधी?"

"आत्ताच. घरी बी गेलो न्हाय. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय, लेक कामावर जाती, ती एकटी हाय. काढा आमचा नंबर."

मी यादी उघडली. उघडायची गरज नव्हती. त्यांच्या नावावर 'वगळले' असा आडवा शिक्का छापून आला होता. त्यांनी वाकून पाहिले, मग खालच्या ओळीवर बोट ठेवले.

"तिचं बी?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मयत म्हणून तर न्हाय ना?"

"नाही. स्थलांतरित."

"कुटं झालो स्थलांतरित? घर हितंच हाय की." त्यांचा आवाज अजून नेहमीचाच होता. कुठल्यातरी कारकुनाची चूक झाली असणार आणि सर ती आता दुरुस्त करणार, असा विश्वास त्यात होता. "कुनी काढलं सर हे?"

रांगेतले दोघे-तिघे ऐकत होते. मी सांगितले, "मी. तीनदा आलो होतो. घर बंद होतं. नियमाप्रमाणे..."

अण्णांनी यादीवरचे बोट उचलले. मग म्हणाले, "तीनदा आला. कुटनं आला सर? भिंतीवरनं का फाटकातनं?"

मी यादी मिटली. ते आत जाऊन केंद्राध्यक्षांना भेटले. यादीत नाव नाही तर मत नाही, हे मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते, तरी ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा दोन्ही हात त्यांनी मागे धरले होते. माझ्या टेबलाशी थांबून ते म्हणाले, "किल्ली द्या सर."

मी दिली. पुढे दिवसभर मी लोकांना अनुक्रमांक शोधून देत होतो. एकही चुकला नाही.

वहिनी बऱ्या झाल्यावर ते दोघे परत आले आणि दोन-अडीच वर्षे इथे राहिले. त्या काळात अण्णा मला टाळत होते असे म्हणता येणार नाही. समोर आलो की "काय सर" म्हणत आणि पुढे जात. पायरीवरचा चहा मात्र बंद झाला. नाव पुन्हा नोंदवण्याचा अर्ज मी दोघांसाठीही सुवाच्य अक्षरात भरून नेला होता. त्यांनी दारातच घेतला. "ठेवा," म्हणाले. पुढे त्याचे काय झाले, ते मी विचारले नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो, विचारण्याचा अधिकारही उरला नव्हता. पुढच्या मतमोजणीला मी एकटाच दूरदर्शनसमोर बसलो. पहिल्या फेऱ्यांचे आकडे उतरवले आणि दुपारी संच बंद केला. आकडे कसे पडले ते दिसत होते, का पडले ते सांगणारे कोणी नव्हते. मग एके दिवशी भिंतीपलीकडे सामानाची गाडी उभी राहिलेली दिसली. हैदराबादला निघताना अण्णांनी गल्लीतल्या सगळ्यांचा निरोप घेतला. माझाही घेतला, सगळ्यांसारखाच.

यंदा पुन्हा पडताळणी आली. नव्या बीएलओ म्हणजे माझ्याच शाळेतल्या एक तरुण शिक्षिका. उन्हाने लालबुंद होऊन त्या फाटकाशी आल्या. मी पाणी दिले.

"सर, शेजारचं घर. दोन मतदार आहेत यादीत, पण तीनही वेळा कुलूपच. स्थलांतरित लिहू ना? शेजारी म्हणून तुमची सही लागेल."

मी त्यांच्या हातातली यादी घेतली. दोन्ही नावे होती, नव्या अनुक्रमांकांनी. म्हणजे तो अर्ज अण्णांनी सही करून दिला होता. कधीतरी, मला न कळवता.

"बाई, पाच मिनिटं बसा," मी म्हणालो. "मी त्यांना विचारतो."

कित्येक वर्षांत तो क्रमांक मी लावला नव्हता. बराच वेळ घंटी वाजली.

"कोन?"

"मी. सर. सोलापूरहून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग, "बोला."

"अण्णा, यादीची पडताळणी चालू आहे. आपण आता कायम तिकडेच असणार का, एवढं विचारायचं होतं."

"यादीसाठीच फोन केला?"

मी बाईंकडे पाहिले. त्या रुमालाने मान पुसत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "मी तेव्हा चुकलो होतो. फोन करून विचारायला हवं होतं. दर रविवारी बोलत होतो, तरी विचारलं नाही."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं की. तुमाला कदी कळलं, ते सांगा."

"त्याच दिवशी. किल्ली दिली तेव्हा."

"मग इतकी वर्षं काय करत होता?"

"भिंतीकडे बघत होतो," मी म्हणालो. अण्णा हसले असावेत, किंवा खोकले. म्हणाले, "तिला आता ओट्याची पायरी बी चढवत न्हाय. हितं लेकीकडं खालचं घर हाय. आमी काय आता येत न्हाय सर. घर बी विकायला काढलंय. नाव काढा."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी सांगतो म्हनून काढा." मग ते म्हणाले, "तब्येत बघा," आणि फोन ठेवला.

मी पंचनामा दोनदा वाचला. घर क्रमांकात एक अंक चुकला होता, तो बाईंना दाखवून दुरुस्त करून घेतला. मग सही केली आणि सहीखाली लिहू लागलो: 'मतदारास विचारून, त्यांच्या संमतीने.'

"सर," बाई संकोचून म्हणाल्या, "यात असा रकाना नाही हो."

"समासात लिहितो," मी म्हणालो.

त्यांनी हरकत घेतली नाही. कागद फाइलीत ठेवून त्या पुढच्या घराकडे गेल्या. पुढच्या घरी कुत्रे आहे, हे मी त्यांना फाटकातूनच ओरडून सांगितले.