चांगुणाची वैशाखातली बाग

आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे आणि विहारापुढे जेमतेम दोन खाटांएवढी बाग. ती चांगुणाची. छत्तीस वर्षं तिने चादरीच्या कारखान्यात रंगीत सुताच्या कांड्या भरल्या आणि निवृत्त झाल्यावर ही जागा ताब्यात घेतली. माघापर्यंत बाग छान दिसे. वैशाखी पौर्णिमेला, नेमकी फुलं हवीत तेव्हा, तिथे काटक्या उरत आणि पूजेला बाजारचा झेंडू येई.

गेल्या पौर्णिमेला समितीचा सचिव यशपाल म्हणाला, "आत्या, पुढच्या वर्षी पण असंच असलं तर सिमेंटचे ब्लॉक बसवतो. लोकांच्या गाड्या तरी लागतील."

"बसव. फुलं न्हाय आली तर घमेलं मीच उचलते," चांगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माझ्या दारात. "बाई, छत्री घ्या आन् तुमची वही घ्या. नर्सरीत समदंच हसतंय. मला ह्या उन्हात, कुणी न बघता फुललंय तेच पायजे."

सात रस्त्यापासून शुक्रवार पेठेपर्यंत आम्ही चाललो. ती बोट दाखवी, मी लिहून घेई. दुभाजकातली पिवळी कण्हेर. बंद घराच्या पायरीतल्या फटीत उगवलेली सदाफुली. एका कुंपणावरची राणी रंगाची बोगनवेल. तिच्यापाशी ती उभीच राहिली. "ह्या रंगाच्या कांड्या लई भरल्यात मी." सगळी एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी. एका बंगल्यातला गुलाब मी दाखवला.

"त्याला माळी हाय," म्हणून ती पुढे गेली.

पावसाळ्यात तिन्ही लावली, बोगनवेल फाटकाच्या खांबाशी. कण्हेर आणि सदाफुली फुलू लागली. बोगनवेल मात्र चैत्र लागला तरी नुसती हिरवीगार. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ज्याच्यावर जीव, त्याला पहिली कळशी. चांगुणाची पहिली कळशी बोगनवेलीला जायची.

मी रोज डायरी लिहिते; जुन्या डायऱ्या काढल्या. सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये नोंद सापडली: 'ह्यांच्या आजारपणात बारा दिवस घर बंद. परत आले तर दारच्या बोगनवेलीचं पान दिसत नाही, इतकी फुलं.' मी ती चांगुणाला वाचून दाखवली.

"म्हंजे ती तहानंनं फुलती व्हय?"

"माझ्याकडे तरी फुलली."

"पोराला उपाशी ठिवल्यागत वाटतंय, बाई."

पण दुसऱ्या दिवसापासून बोगनवेलीची कळशी बंद. पानं मलूल झाली, काही गळाली. यशपालने फाटकाशी ब्लॉकचा ढीग आणून रचला. नळाच्या दिवशी चांगुणा भरली कळशी घेऊन बोगनवेलीकडे पाठ करून जायची.

पौर्णिमेच्या दहा दिवस आधी शेंड्यांना रंग आला. पौर्णिमेला फाटकाचा खांब त्या राणी रंगाखाली दिसेनासा झाला होता. यशपाल झेंडूची पिशवी घेऊन आला आणि तिथेच थांबला.

"ठिव तितं बाजूला. आज हितलीच वाहायची."

"आत्या, मग ब्लॉकचं काय करू?"

"चार ठिव मला बसायला. बाकीचे ने की."

त्याच सकाळी नळाला पाणी आलं. कण्हेरीला आणि सदाफुलीला कळशी मिळाली. बोगनवेलीला तिने त्या दिवशीही थेंब घातला नाही.