आपोआप लागणारी कडी

दार माझ्या पाठीमागे बंद झालं आणि कडी खटकन लागली. आवाज अगदी आम्हाला हवा तसा. चाललंय, असं मी आतूनच फैजानला ओरडून सांगितलं. फैजान माझा प्रोजेक्ट पार्टनर. तो हात धुवायला टाकीकडे गेला. घरात मी आणि गंगाबाई आजी, दोघीच उरलो.

तेव्हा आम्ही नांदेडला डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय होता युजर-सेंटर्ड डिझाईन. म्हणजे वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला समजून घ्यायचं. काम आजींच्या मुलाने दिलं होतं. तो पुण्यात नोकरीला, आई औसा तालुक्यात गावी एकटी. आई दार सताड उघडं ठेवते, आपोआप बंद होईल असं काहीतरी करा, एवढंच तो फोनवर म्हणाला. आम्ही बॅटरीवरची कडी बनवली. दार लोटलं की मोटर कडी लावते, आतलं बटण दाबलं की काढते.

गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. भर दुपारी शिरताना दिसलं, की प्रत्येक दार उघडं आहे आणि प्रत्येक दाराला दगड टेकवलेला आहे. माणूस एकही दिसेना, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. वाऱ्यासाठी ठेवत असतील, असं आम्हीच ठरवून टाकलं.

कडी लागली तशा आजी बोलता बोलता थांबल्या. चहाचं पातेलं खाली ठेवून दारापाशी गेल्या आणि हँडल धरून ओढू लागल्या. मी बटण दाबलं. मोटर घरघरली, कडी हलली नाही. परत दाबलं. तेवढ्यात जमिनीखालून जड गाडी गेल्यासारखा आवाज आला आणि मांडणीवरची भांडी किणकिणली. त्या भागात असे आवाज अधूनमधून येतात, हे मला नंतर कळलं.

आजींनी दाराला कान लावला. हळूच विचारलं, "शांते, हायस का गं?"

दारावर टकटक झालं.

आजींनी बोटाने तसंच टकटक केलं आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तिकडनं तिनं धरलंय."

मी कडीजवळ वाकून पाहिलं. अडचण कुठे आहे ते त्याच क्षणी दिसलं. दार आत उघडणारं. आजी सगळा जीव लावून ओढत होत्या, त्या ओढीने कडी चौकटीत आवळली होती. आमच्या लहानशा मोटरला ती काढणं शक्यच नव्हतं. सोडा म्हणून सांगितलं, बोटं सोडवून पाहिली. पकड सुटेना. शेवटी त्यांच्या हातांवर हात ठेवून मी म्हणाले, "आजी, शांता म्हणते, दार सोड."

"असं म्हणाली?"

"हो."

त्यांनी हात काढले. कडी मागे सरकली.

बाहेर नुसतं ऊन होतं. फैजान लांबून, टाकीकडून येत होता. दार वाजवलंस का, विचारलं. नाही म्हणाला. मग मोटरच असणार. पुढे कॉलेजच्या टेबलावर कडी अडकवून मी तो आवाज काढून पाहिला. घरघर येते. टकटक येत नाही.

ओट्यावर बसून आजींनी सांगितलं. शांता त्यांची धाकटी जाऊ. भूकंपाच्या रात्री तिने आतून कडी लावली होती आणि चौकट दबली. एक आत, एक बाहेर, दोघी दार धरून होत्या. उजाडायच्या आत आतली टकटक थांबली. "तवापास्नं गावात कुणी कडी लावत न्हाई, पोरी."

आम्ही कडी काढली, भोकं बुजवली. मग उंबऱ्यावर एक सेन्सर बसवला. दार उघडंच राहतं, कुणी आत आलं की चुलीजवळ घंटी वाजते. मुलगा नाराज झाला. आजींनी त्याला फोनवर काय सांगितलं माहीत नाही, पण त्याने पुन्हा कडीचं नाव काढलं नाही.

आता मी लातूरला हेच काम करते. पहिल्या भेटीला जाताना आधीच बनवलेलं काही सोबत नेत नाही.

मागे आजींकडे गेले होते. घंटी कधीकधी उगाच वाजते म्हणाल्या. सेन्सर जास्तच संवेदनशील लागलाय, कमी करून देते, असं मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "येत असंल कुणी."

मी स्क्रू ड्रायव्हर परत पिशवीत ठेवला. युजरला नको असलेली दुरुस्ती करायची नाही.