संदर्भ हवा

"परत आलं का हो ते?"

सकाळी दार उघडलं की अण्णा उभे. हातात पुण्याच्या मुलीनं दिलेला जुना मोबाईल. नमस्कार नाही, चहाची चौकशी नाही, आधी हा प्रश्न. जुळे सोलापूर भागात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे माझा दिवस या प्रश्नानंच उजाडायचा. तुमच्याही शेजारात असा एखादा हट्टी असेलच.

'ते' म्हणजे इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं एक वाक्य. अण्णा ज्या कापडगिरणीत माग चालवायचे, तिच्या इतिहासात लिहिलं होतं, 'कामगारांच्या संपामुळे गिरणी कायमची बंद पडली.' अण्णा ते खोडायचे. कुणी अनोळखी माणूस ते परत लावायचा आणि कारण द्यायचा, 'बदलासाठी छापील संदर्भ हवा.'

"आनि त्याच्या वाक्याला कुटं संदर्भ हाय?" अण्णा भडकायचे. "संप तर मिटला होता की! मालकानं कामावर बोलावलं. आमी मागावर फोडायला नारळ घेऊन गेलो. बघतो तर गेटला कुलूप. मग काय, तितंच फोडले. त्या नारळाचं खोबरं मी खाल्लंय. आनि ह्यो बाबा मला संदर्भ मागतोय!"

मला हसू यायचं. पण अण्णांचं दुखणं वेगळंच होतं. संपाचा पुढारी त्यांचा थोरला भाऊ. सगळ्यांची समजूत घालून संप मिटवला तोही त्यानंच. गिरणी गेल्यावर लोकांनी मात्र त्यालाच धरलं. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "तुझ्या संपानं आमच्या चुली विझल्या." तो भरल्या ताटावरून उठला. पुढं कुणाच्या कार्याला म्हणून गेला नाही, आणि हा ठपका घेऊनच वारला.

"दादाला तर कुणी सोडलं न्हाय," अण्णा म्हणायचे. "निदान तितनं तरी पुसाय पायजे. माझ्या डोळ्यांदेखत."

एकदा त्यांनी लेखातच लिहून टाकलं, 'वाचकांना नम्र विनंती, हे खोडू नये.' तेही उडालं. अण्णा तेलुगूत काहीतरी पुटपुटले. शिव्या ते मातृभाषेतच द्यायचे. मग शांत होऊन म्हणाले, "त्याला एकदा चहाला बोलवा की. समोर बसला तर ऐकंल."

छापील पुरावा मिळावा म्हणून नवी पेठेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतही जाऊन आले. "जुनं झालं आजोबा, आता त्याची बातमी होत नाही," असं तिथल्या पोरानं सांगितलं. येताना माझ्यासाठी शेंगाचटणी आणली.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. मग बातमी झाली. त्याच वर्तमानपत्रात, फोटोसकट: 'संपामुळे बंद पडलेल्या गिरणीतील ज्येष्ठ कामगाराचे निधन.' वार्ताहरानं माहिती कुठून उचलली, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा मी तो लेख उघडला. वाक्य जागच्या जागी होतं, आणि आता त्याला छापील संदर्भही होता. त्यावर बोट ठेवलं, तर अण्णांचा फोटो उघडला.

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी ते वाक्य खोडलं, आणि खाली अण्णांचीच नम्र विनंती लिहिली.

आज सकाळी ते परत आलंय. सांगू कुणाला? समोरच्या दाराला कुलूप आहे.