उंबऱ्याबाहेरचे बूट

आमचे अप्पा दिवसभर पायांतले बूट काढायचे नाहीत. पेन्शन घेऊन घरी बसायच्या वयाचा माणूस, पण सकाळी आंघोळ झाली की तपकिरी कॅनव्हासचे बूट चढवायचे, नाड्या करकचून बांधायच्या, आणि घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत ते पायांतच. का, तर कुणाला आणायला धावायची वेळ आली तर नाड्या बांधण्यात वेळ जायला नको! मी सून म्हणून जेलरोडच्या त्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला विचारलं, "तुझे बाबा कुठे निघालेत का?" तो म्हणाला, "ते कायम निघालेलेच असतात. सवय कर."

सवय कसली होतेय! मलाच दम लागायचा त्यांच्याकडे बघून. तोफखान्यातून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण हवालदार म्हटलं की लोकांना पोलीस वाटतो, म्हणून गल्लीनं परस्पर बढती देऊन त्यांना सुभेदार करून टाकलं होतं. तोफांनी डावा कान पार नेलेला. कुकरची शिट्टी व्हायला आली की ओट्याच्या खिडकीतून ओरडायचे, "तोंड उघडं ठेव, पोरी! नायतर कानाचा पडदा जातो." आता भातासाठी कशाला तोंड उघडायचं? पण मी उघडायची. नाही उघडलं तर ते तिथून हलायचे नाहीत.

त्यांची खरी ड्युटी फाटकावर. संध्याकाळ झाली की फाटक ते उंबरा, उंबरा ते फाटक, नुसत्या येरझाऱ्या. उंबऱ्याशी चपला बघायच्या आणि पुटपुटायचं, "एक जोड कमी हाय." आम्ही घरात शिरताना त्यांच्या खांद्याला हात लावून "आले" म्हणायचं, मगच आत जायचं. ऑफिसातून, सातपूरहून, दोन रिक्षा बदलून दमूनभागून यावं आणि दारात हजेरी द्यावी, या प्रकारानं माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हणालेच, "अप्पा, मी काय लहान आहे का हरवायला?"

"मोठी माणसंच हरवतात, पोरी," ते म्हणाले. "लहानांना कोन हरवू देतं?"

आता अडचण अशी, की सासूबाईंच्या घरात बाहेरचे बूट चालत नसत. सायखेड्याच्या मळ्यातलं चिखलाचं घर सांभाळलेली बाई ती, जेलरोडला फरशीचं घर झाल्यावर तिनं पहिला नियम केला तो हाच. अप्पा बूट काढणार नाहीत, सासूबाई बूट आत येऊ देणार नाहीत. मग दुपारचा चहा उंबऱ्यावर. त्या आतून कप पुढे करायच्या, हे बाहेर उभ्या उभ्या दोन घोटांत संपवायचे, कप परत द्यायचे की चालले फाटकाकडे.

"सगळी नोकरी ह्यांनी सरहद्दीवर काढली," सासूबाई मला म्हणायच्या. "दोन्ही पोरं झाली तेव्हा हे तिकडे. मला दुसरं काही नको गं. शेजारी बसून कपभर चहा प्यावा, एवढंच. तर हे आले ते फाटकावर उभे राहायला!"

अप्पांना नेमकं तेव्हा ऐकू यायचं. "तवा नव्हतो, म्हणून तर आता उभा हाय," ते बाहेरून म्हणायचे.

एका वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सासूबाईंनी शिरा केला आणि अप्पांकडून शब्द घेतला, की आज पोरं आली की लगेच बूट काढून आत बसायचं. मी आणि नवरा लवकर आलो. राहिला धाकटा दीर, नितीन. तो इगतपुरीला रेल्वेत, गाडीनं ये-जा करायचा. त्या दिवशी पुढची गल्ली ड्रेनेजसाठी खणलेली, म्हणून हा पठ्ठ्या मागच्या दारानं आला, बूट मागेच सोडले आणि खोलीत जाऊन आडवा झाला. इकडे उंबऱ्याशी एक जोड कमी! अप्पांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. चपलांवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास. सायकल काढली आणि थेट नाशिकरोड स्टेशन. येणारी प्रत्येक गाडी बघून परत आले तेव्हा शिरा निवून दगड झाला होता आणि नितीन दारात मान खाली घालून उभा होता.

अप्पांनी त्याच्या खांद्याला हात लावून बघितला. मग बूट काढले. पण सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. "चपलांशीच संसार करा," एवढंच म्हणाल्या. मला त्या क्षणी अप्पांचा असा राग आला होता की काय सांगू. आणि त्यांची दयाही.

पुढे सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. खाट पुढच्या खोलीत खिडकीला लावली. आता त्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकत नव्हत्या आणि अप्पांना फाटक सोडवेना. मग ते घराला वळसा घालून खिडकीशी यायचे, मी बाहेर ठेवलेल्या थर्मासातला चहा कपात ओतून गजांतून आत द्यायचे, आपला कप बाहेर कट्ट्यावर. एक घोट इथे, की निघाले फाटकाकडे, परत खिडकी, परत फाटक. बघून माझे पाय दुखायचे. "आत या की हो," सासूबाई म्हणायच्या. "सगळे आले की येतो," हे ठरलेलं उत्तर. सगळे येईपर्यंत त्यांना औषधाची झोप लागलेली असायची.

गेल्या थंडीत एकदा मी ऑफिसातून आले. फाटकावर अप्पा नव्हते. नवरा यायचा होता, नितीन यायचा होता, आणि उंबऱ्याशी एकच जोड होता, तपकिरी बुटांचा. नाड्या नीट सोडलेल्या.

आत खाटेशेजारच्या खुर्चीत अप्पा बसले होते. मान छातीवर, मांडीवर भरलेला कप, चहावर साय धरलेली. त्यांचा हात सासूबाईंच्या दोन्ही हातांत. मी खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "अप्पा, आले मी." खांदा थंड होता.

"हळू बोल गं," सासूबाई कुजबुजल्या. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. "आज आपणहून बूट काढून बसलेत. उठवू नकोस."