मोहाखालची राख

फोटोवर विश्वास बसला नाही, म्हणून मी निघालो. मोबाइलवर आलेल्या त्या फोटोत मोहाच्या झाडाखाली जुनी लुगडी अंथरलेली, त्यावर फुलं सांडलेली, आणि खाली लिहिलेलं, ‘आमच्या गावात आता कोणी पालापाचोळा जाळत नाही.’ आमच्या गोंदिया जिल्ह्यात मोहफुलं वेचायची म्हणजे आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करायची, अशी रीत. तोच विस्तव पुढे सरकतो आणि जंगल पेटतं. अख्खं गाव ही रीत सोडेल? मी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. नवा रंग दिसला की खालचा गंज शोधायची सवय आहे.

घरून, म्हणजे कुडव्याहून, सकाळीच गोंदियाचं स्टँड गाठलं. आमगावमार्गे देवरीची बस मिळते, वयामुळे मला अर्धं तिकीट. आमगावला गाडी थांबते तेवढ्यात आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे खाण्याचं काही खरं नाही. देवरीहून जंगलातल्या गावांकडे काळीपिवळी जीप जाते, पण भरल्याशिवाय ती हलत नाही. जायचं तर मार्चअखेर ते एप्रिल, मोह तेव्हाच गळतो.

गावच्या पाटलांनी, सुखरामजींनी, ओसरीवर खाट टाकून दिली. भात आणि लाखोरीची डाळ वाढली. मी जेवताजेवताच विचारलं, “खरंच कोणी जाळत नाही?”

“नाही जी. सभेत ठरलं. जो जाळंल, त्याची झाडं हंगामभर गावाची.”

कुठला मोह कुठल्या घराचा, हे इथे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. झाड गेलं म्हणजे त्या घराचं तेलमीठ गेलं. एवढी कडक शिक्षा लोक मान्य करतात? मला तर हे सगळं पाहुण्यांसाठी घोकून ठेवल्यासारखं वाटलं.

जेवण झाल्यावर मी एकटाच फिरायला निघालो. लुगडी होती, जमिनीवर खराट्याच्या रेघा होत्या. पण ओढ्यापलीकडे दोन मोहांखाली, लुगड्याच्या काठाबाहेर, काळं दिसलं. काठ उचलला. खाली राख. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. संध्याकाळी गावातली माणसं पारावर बसली होती, तिथे मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, “ओढ्यापलीकडची राख कोणाची?”

मग साठीची एक बाई उठली. फुलवंताबाई.

“माहीच होय. मीच जाळलो.”

“काऊन, बाई?” सुखरामजींनी विचारलं.

“कंबर धरली जी. सून बाळंत हाय. दोन झाडांखालचं कोन झाडंल? जाळलो, वरून लुगडं टाकलो. वाटलं, दिसणार नाही.”

आता तिची झाडं जाणार होती, तीही माझ्या एका प्रश्नापायी. मी घाईघाईने म्हणालो, “जाऊ द्या ना, एवढीशी तर राख.”

मागून एक जण म्हणाला, “आता कायले जाऊ द्या? इतक्या दुरून राखच हुडकाले आले ना तुमी?” लोक हसले. मला हसता आलं नाही.

बराच वेळ खल चालला. हिला सोडलं तर उद्या सगळंच गाव कंबर धरून बसेल, असं काहींचं म्हणणं. शेवटी सुखरामजी म्हणाले, “ठरलं ते ठरलं. झाडं गावाची झाली. मग झाडाखालचं गावच झाडंल, पाळीपाळीनं. फुलं मात्र बाईच्याच टोपलीत जातील. उद्याची पाळी पाहुण्याची.”

उजाडताना मी खराटा घेऊन उभा होतो. वरून फुलं टपटपत होती. एका झाडाखालचा पाला ओढता ओढता ऊन वर आलं आणि माझीच कंबर धरली. पेटवायला एक काडी पुरली असती. पेपरात हरितगृह वायू वगैरे वाचतो. माझ्या समजुतीप्रमाणे अशा धुरातून आपण उन्हाळ्यात पृथ्वीच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकतो. पण ती गोधडी टाकू नये म्हणून कोणाची कंबर मोडते, ते पेपरात येत नाही.

तरी मी फुलवंताबाईंना विचारलंच, “मी गेल्यावर जाळणार नाही ना?”

वेचता वेचता, मान वर न करता त्या म्हणाल्या, “तुमी आपल्या घरचा पाला काय करता जी?”

मी पुन्हा खराटा उचलला. माझ्या अंगणात कडुनिंब आहे. रोज सकाळी ढीग, रोज सकाळी काडी.

घरी आल्यावर परसात खड्डा खणला. पाला त्यात, वरून शेणपाणी. शेजारचे शर्माजी भिंतीवरून बघत म्हणाले, “काकाजी, चार पत्ते जलाने से क्या होता है? पूरा मोहल्ला जलाता है.” इतकी वर्षं मीही हेच म्हणत आलो. त्यांच्या अंगणातून आजही धूर येतो.

गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. दिलं तर तुमच्यातलेही काही जण राख हुडकत जातील. झाडायला जाणार असाल तर विचारा, सांगेन. पुढच्या हंगामात तिथे कोणी काडी ओढणार नाही, याची मला अजूनही खात्री नाही. स्वतःबद्दल तर त्याहूनही नाही. म्हणून माचिस बायकोच्या ताब्यात दिली आहे. देवाच्या दिव्यासाठी मागितली तरी ती विचारते, “कायले पायजे?” आणि परत देईपर्यंत दारातच उभी राहते.