ठकुबाईंचा मोगरा

ठकुबाईंना फुलांची हौस आहे, असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं तर त्यांना राग येई. हौस रिकामटेकड्या बायांना असते, असं त्यांचं मत. आपण झाडं बघतो ती म्हशीची धार काढावी तशी, काम म्हणून, असं त्या सगळ्यांना सांगत. लोकही मान डोलवत. पण पिंपरी गावाच्या कडेला त्यांच्या घरामागं जी दहा-बारा हात परसबाग होती, तिच्यात माघ सरला की रोज उठून काहीतरी नवीन घडे, आणि स्टेशनाकडं निघालेली घाईची माणसंसुद्धा कुंपणाशी घटकाभर थांबत. थांबणाऱ्याला ठकुबाई स्वतःच आत बोलवत. काम म्हणे!

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर त्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत परभणीकडचं एक जोडपं राहायला आलं. उद्धवराव नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. त्यांची बायको कौशल्या बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला संकोची. तिच्या गावी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. तिथं अंगणातली तुळस जगली तरी बायका एकमेकींना सांगत. पिंपरीत विहिरीला बारा महिने पाणी आहे, याचंच तिला कितीतरी दिवस नवल वाटत होतं. चाळीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसत. ठकुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्या मेथीची जुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून कौशल्याला या परक्या मुलखात एक माणूस मिळालं.

म्हणून तर माघातला तो प्रकार तिला सहन होईना. ठकुबाईंच्या परसात मोगऱ्याची सात झाडं होती. न्हाणीतलं पाणी त्यांना जाई. एके दिवशी त्यांनी ते पाणी माती लावून दुसरीकडं वळवलं. मोगरा मलूल झाला, पानं पिवळी पडली. मग ठकुबाई खाली बसल्या आणि उरलीसुरली पानं दोन्ही हातांनी ओरबाडून काढू लागल्या.

"मावशी, कामून मारता हो झाडं?" कौशल्यानं कुंपणावरून विचारलं.

"वाळू दे की! जरा तहान कळू दे त्यास्नी," ठकुबाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या.

समजावून सांगणं हा ठकुबाईंचा स्वभावच नव्हता. आपल्याला जे ठाऊक ते साऱ्या जगाला ठाऊक, असं त्या धरून चालत. एरवी एवढी मायाळू बाई, आणि हे काय, असं कौशल्याच्या मनात आलं.

दोनच दिवसांनी ठकुबाई चाकणजवळ बहिणीकडं, भाचीच्या बाळंतपणाला गेल्या. त्यांचे यजमान गेनबा सकाळी कामावर जात ते दिवेलागणीला येत. झाडाला आपण होऊन पाणी घालावं हे त्यांना जन्मात सुचलं नव्हतं. सात काटक्या उन्हात उभ्या. कौशल्यानं एक दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर जास्तीच्या दोन खेपा करून आली आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरली. पुढं आठ दिवस तिनं हा नेम चुकवला नाही. कमरेत चमक भरली, उद्धवरावांच्या अंघोळीला एकदा पाणी कमी पडलं, पण काटक्यांवर हिरवे कोंब दिसले तेव्हा तिला रडू आलं. आपण सात जीव वाचवले, असं तिला खरोखर वाटलं.

ठकुबाई परत आल्या. गाठोडं ओट्यावर टाकून त्या आधी परसात गेल्या. मोगऱ्याशी वाकल्या, बोटानं माती उकरली. मग कुंपणापलीकडं उभ्या असलेल्या कौशल्याकडं त्यांनी पाहिलं आणि "चहा घेतीस का गं?" एवढंच विचारलं.

महाशिवरात्र झाली, ठकुबाईंनी सगळ्या झाडांना शेणखत दिलं, पाणी सोडलं, आणि त्या बागेनं जो वेग धरला तो कौशल्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. रोज सकाळी हाक यायची, "कौशल्ये, ये लवकर, बघ काय झालंय!" काल उघडा असलेला कढीलिंब आज तांबूस पालवीनं भरलेला. डाळिंबाला काल एक लाल कळी होती, आज मोजता येत नाहीत. शेवग्याखाली पांढऱ्या फुलांचा सडा, तो झाडून पाठ फिरवावी तोवर पुन्हा तेवढाच. दुधीच्या वेलाची तर गंमतच. संध्याकाळी त्याचा शेंडा जिथं असेल तिथं ठकुबाई भिंतीवर कोळशानं रेघ मारत, आणि सकाळी दोघी जाऊन बघत. वेल रेघेच्या वीतभर पुढं गेलेला असे. पन्नाशीची ती बाई टाळ्या वाजवून हसे. "आमच्या मालकानं तीस वर्सांत एवढी चाल क्येली न्हाई!" कौशल्या पोट धरून हसे. हसता हसता तिला परभणीची आठवण यायची थांबली. एका परसात बसून सारा दिवस आनंदात जाऊ शकतो, हे तिला या बाईनं शिकवलं, आणि शिकवतेय असं एकदाही दाखवलं नाही.

मोगराही वाढला. हिरवागार, दाट, कमरेइतका. कौशल्या मनातल्या मनात फुशारून जाई. पाडवा झाला तरी कळ्या मात्र दिसेनात. ठकुबाईंच्या घरी चैत्रगौर बसत नसे, पण गावात जिथं जिथं बसे तिथं मोगरा त्यांच्याच परसातून जाई, आणि त्याबद्दल त्या कुणाकडून काही घेत नसत. कौशल्याची या गावातली ही पहिलीच गौर. "तुझी गौर मोगऱ्यात बुडवीन," असं ठकुबाईंनी तिला संक्रांतीलाच कबूल केलं होतं.

तृतीयेनंतर शेजारच्या आळीत विमलबाईंकडं पहिलं हळदीकुंकू झालं. विमलबाई जिभेनं तिखट. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय ठकुबाई, यंदा मोगरा कुठं गेला? नुसता पाला वाढलाय म्हणे!"

"ताण मोडला त्याचा," ठकुबाई म्हणाल्या. "फुलाआधी मोगऱ्याला महिनाभर तहानंला ठिवावं लागतंय. मधीच पानी भेटलं की त्यो पाल्यावर जातो. माझाच हात चुकला. वय झालं."

"ठकुबाईंचा हात चुकला! ऐकलंत का?" बायका हसल्या. ज्यांना आपल्या हाताचा एवढा अभिमान, त्या ठकुबाईही त्यांच्याबरोबर हसल्या. कौशल्याला सगळं लख्ख कळलं. सांगावं तर या गावात असलेलं एकच माणूस तुटणार. न सांगावं तर त्याच माणसाचं आयुष्यभराचं नाव आपल्यामुळं जाणार, आणि आपण पन्हं पीत बघणार. चार दिवस ती परसाकडं फिरकली नाही. सकाळची हाक आली तरी डोकं दुखतंय म्हणाली.

शुक्रवारी तिच्या घरी हळदीकुंकू होतं. गौरीला डाळिंबाची फुलं आणि कडुनिंबाचा मोहोर, तोही ठकुबाईंनीच सकाळी आणून दिलेला. विमलबाई आल्या, गौर बघून म्हणाल्या, "छान आहे हो. मोगरा असता तर आणखी शोभली असती. पण आता ठकुबाईंचा भरवसा नाही!"

कौशल्यानं गुलाबदाणी खाली ठेवली. "मावशींचा हात नाही चुकला," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मावशी गावाला गेल्या तवा पाणी मी घातलं. चोरून. आठ दिवस."

ठकुबाईंनी पदर सारखा केला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आले त्याच दिशी कळलं. माती वली व्हती, अन् कडंला घागरीचं बूड उमटलं व्हतं. असली बारीक बुडाची घागर तुझ्याबिगर कुनाकडं हाय?"

"मग बोलल्या कामून नाही?"

"काय बोलू? इहिरीवरनं भरली घागर आनाया काय लागतंय ते मला न्हाई व्हय ठावं? तीस वर्सं झाली मला या घरात यून. माझ्या माघारी माझ्या झाडाला कुनी पानी घातलं न्हवतं. घरच्यानं बी न्हाई." त्यांनी गौरीपुढचं एक डाळिंबाचं फूल सरळ केलं. "फुलं काय, येत्याल पुढल्या साली. पर पुढल्या माघात ताण तू धरायचा. मी आडवी येनार न्हाई."

"मला नाही व्हायचं ते, मावशी. वाळतं झाड मला बघवत नाही."

"म्हून तर तुला सांगती. जिला बघवतंय, तिच्या हाती झाड कशापायी द्यायचं?"

कौशल्यानं ठकुबाईंच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले. ओंजळ जास्तच भरली होती, निम्मे खाली सांडले, आणि ते वेचायला दोघीही एकदमच वाकल्या.