पावडर आणि टोळीचं तेल

मंगरू मडावी फवारणीच्या तुकडीत लागला तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता आणि हिवतापानं दर पावसाळ्यानंतर गावंच्या गावं अंथरुणाला खिळायची. सरकारनं डीडीटीची पावडर दिली, पंप दिले, माणसं दिली. बादलीत पावडर कालवणारा मी, पंप मारणारा मंगरू. पण मंगरूची खरी नोकरी तोंडाची होती.

कुडाच्या भिंतींवर ते पांढरं पाणी लोक मारू देत नसत. मग मंगरू पुढं व्हायचा, चिमूटभर कोरडी पावडर बोटावर घ्यायचा आणि सगळ्यांदेखत चाटायचा. "पाहा, मले काई झालं? मच्छर मरते, मानसाले काई होत नाई." हे आमच्या तुकडीच्या साहेबानं शिकवलेलं. साहेब स्वतः मात्र कधी चाटताना दिसला नाही. मंगरूच्या भोळ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून दारं उघडायची, आणि ताप खरंच उतरला, हे मान्य करायलाच हवं.

हा तमाशा मंगरूच्या बायकोनं, सुकरीनंही पाहिला होता. त्यांची लहानगी बुधरी उवांनी हैराण होती, खाजवून खाजवून टाळू सोललेली. सुकरीनं ओंजळभर पावडर मागितली, मंगरूनं आणून दिली. कोरडी पावडर केसांत टिकेना, म्हणून तिनं ती मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात कालवली आणि पोरीचं डोकं, मान, पाठ चांगली चोळून काढली. खाऊन काही होत नाही, तर लावून काय होणार? तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी आम्ही दोघं परतलो तर मंगरूच्या अंगणात गर्दी. बुधरी थरथरत होती. आधी ओठ, पापण्या, मग हातपाय. अंगात काहीतरी शिरलंय, असं पुजाऱ्यानं सांगितलं होतं. पोरीला ऊब यावी म्हणून सुकरी वाटीत उरलेलं तेच तेल कोमट करून तिला पुन्हा चोळत होती.

मंगरू जागीच थांबला. फवारलेल्या घरात माशा कशा मरतात ते आम्ही रोज पाहायचो. उताण्या पडतात, थरथरतात, पाय झाडत राहतात. पोरीचे हात तसेच झटके देत होते.

त्यानं वाटी लाथाडली. "तेल नोको लावू! माह्या पावडरीनं झालं हे!"

ज्या गावासमोर त्यानं चिमूट चाटली होती, त्याच गावासमोर तो हे ओरडला. मग कपड्यांच्या साबणानं आम्ही पोरीला धुतलं, सुकरीनं रडत रडत तिचे केस कापले आणि बंडी जुंपून गडचिरोलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी झटक्यांवर सुई दिली. दुसऱ्या दिवशी थरथर थांबली आणि बुधरीनं आंबील मागितली.

मग मंगरू डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिला. "डॉक्टरसायब, मी तं खाल्ली. मले काऊन नाई झालं?"

डॉक्टर म्हणाले, "आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय. प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो, आणि तो स्निग्ध असतो. कोरडी पावडर कातडीवर नुसती बसून राहते, धुतली की जाते. तेलात विरघळली की मात्र ती त्या पडद्यांतून आत उतरते आणि रक्तात जाते. त्यात पोरीची टाळू सोललेली. तुझी चिमूट बरीचशी पोटातून तशीच बाहेर पडली असेल. पण सगळी नाही. राहिलेली चरबीत मुरते. तिथं ती पुढं काय करेल, हे मलाही ठाऊक नाही."

मंगरू घाबरला. स्वतःसाठी घाबरलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

कामावर परतलो तेव्हा साहेबानं आम्हाला बजावलं, "बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. लोक बिथरले, फवारणी थांबली, तर तापानं किती पोरं जातील? मंगरू, चिमूट चाटणं चालू ठेव." साहेबाचा मला संताप आला, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही म्हणून जास्तच आला.

पुढच्या गावी रुखमाबाई नावाची म्हातारी दारात आडवी बसलेली. सगळे मंगरूच्या बोटाकडं पाहत होते. त्यानं पावडरीला हातच लावला नाही.

"बाई, हे विष आहे. भिंतीवर राह्यलं तं मच्छराले मारते. तेलात गेलं तं लेकराच्या आंगात शिरते. माही पोरगी मरता मरता वाचली. तेल, धान्य, लेकरं सारं बाहेर काढा, मंग मी मारतो."

साहेब लालबुंद झाला. शेजारची दारं धडाधड लागली. मला वाटलं, गेली याची नोकरी, आणि फवारणीही गेली.

रुखमाबाई आत गेली. बाहेर आली ती एका हातात तेलाचं मडकं आणि कडेवर नातू घेऊन.

"आतापावतर आले ते सारे चांगलंच सांगून गेले, बाबू. वाईट सांगनारा तू पह्यला. मार आता."